देवळाली कॅम्पमध्ये ड्रोन उडवण्याआधी

देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी. तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे आणि जवळच गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. त्यामुळे लग्नाच्या शूटिंगसाठी आणलेल्या ड्रोनसाठीही इथे आधी हवाई विभागांचा नकाशा पाहावा लागतो.

ड्रोन नियम २०२१ मध्ये देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलं आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाजवळच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाणच नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा या विभागांचा नकाशा बदलू शकतो. उडवायच्या दिवशीच तो उघडावा, जुना स्क्रीनशॉट कामाचा नाही.

खरी गफलत होते ती वजनाची. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. खोक्यावर २४९ ग्रॅम छापलेलं असतं. पण पंख्यांभोवती प्लास्टिकचे गार्ड बसवले, की तोच ड्रोन ‘मायक्रो’ होतो, कारण नियमात उडतानाचं एकूण वजन धरतात. मग पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याला सर्टिफिकेट बंधनकारक.

नोंदणी क्रमांक आणि लाल विभागाची बंदी मात्र नॅनोलाही लागू आहे.