व्यापार मेळ्यातील पहिले पाच दिवस

दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८० पासून भरत आलेला भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा १४ ते २७ नोव्हेंबर असा चालतो. त्यातील पहिले पाच दिवस सामान्यतः व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात. गोव्याहून जाणारे काही कारागीर मात्र नंतरच्या गर्दीचीच वाट पाहतात, हे खेदाने नमूद करावे लागते. किरकोळ गिऱ्हाईक करवंटीची एखादी वाटी नेईल. घाऊक व्यापारी दरमहा किती नग, कोणत्या दराने व किती दिवसांत द्याल, असे विचारील. ‘घरी विचारून कळवतो’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. दिल्लीच्या थंडीसाठी लोकरी कपडे बांधावेत, तितक्याच आठवणीने ही तीन उत्तरे व दरपत्रक सोबत न्यावे. व्यापाऱ्याची मागणी त्याच सायंकाळी त्याच्या कार्डामागे टिपावी आणि गावी परतताच, आठ दिवसांच्या आत, पत्र धाडावे.