सांगू की लपवू?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी विहारातून वंदना आटोपून घरी आले तर शेजारची सून दाराशी उभी. हातात रिकामी वाटी, साखर मागायला आल्याचे निमित्त. वाटी ओट्यावर ठेवून हळूच म्हणाली, "ताई, दिवस गेलेत. तिसरा लागलाय. कंपनीत सांगू की नको?"

गोळ्यांची पाकिटे भरण्याच्या कामावर ती कॉन्ट्रॅक्टरमार्फत आहे. नवीन मशिनी आल्या आहेत, निम्म्या बाया कमी करणार अशी कुजबुज आहे. तिचा करार मार्चअखेर संपतो. नवऱ्याची रिक्षा भाड्याची. सासूबाईंनी बजावलेले, तीन महिने कुणाला सांगू नये, नजर लागते. भगिनींनो, नजरेबिजरेवर माझा विश्वास नाही. पण कॉन्ट्रॅक्टरची नजर लागते, हे मी अनुभवाने सांगते.

२००९ साली मी एका खासगी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर होते. मंदीचे दिवस. दर शुक्रवारी कुणाला तरी केबिनमध्ये बोलावणे यायचे आणि सोमवारी त्याची खुर्ची रिकामी दिसायची. पाच महिने मी सैल ओढणी घेऊन लपवले. उलटी आली की आवाज ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममधला नळ सोडायचा. पहिल्यांदा ओळखले ते चहा देणाऱ्या मावशींनी. एक शब्द न बोलता त्या माझ्या टेबलावर चहाऐवजी लिंबूपाणी ठेवू लागल्या. शेवटी धीर करून साहेबांना जिन्यात गाठले आणि सांगितले. "अरे वा, अभिनंदन," म्हणाले. तीन आठवड्यांनी यादीत माझे नाव! पुढे लेबर ऑफिसात हेच साहेब शांतपणे म्हणाले, "आम्हाला काही कल्पनाच नव्हती." माझ्याजवळ कागद नव्हता. बी.कॉम. झालेली, दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरे फाईलला लावणारी बाई मी, आणि स्वतःच्या बाळाबद्दल एक ओळ लिहून दिली नव्हती. आठ महिने खेपा घातल्या. तडजोडीत बारा आठवड्यांचा पगार मिळाला, तेव्हा रजा तेवढीच होती. नोकरी गेली ती गेली. ती मुलगी आज कॉलेजात जाते.

या हक्कासाठी आपल्या माणसाने किती पूर्वी आवाज उठवला होता! २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. पण बायांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून मालकही सुटू शकत नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

आता शेजारच्या सुनेचा प्रश्न. १९६१ च्या कायद्यातला हा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी. २०१७ पर्यंत ही रजा १२ आठवड्यांचीच होती. अट एवढीच की, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेले असावे. हजेरीचे कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपायच्या त्या याचसाठी. गरोदरपणात कामावरून काढले तरी या पैशाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. रोजंदारीच्या बायांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात ठरवले. करार मध्येच संपला तरी लाभ थांबत नाही, असे २०२३ साली सांगितले. आणि ईएसआय कापला जात असेल, नियमाइतके दिवस भरले असतील, तर रजेचे पैसे ईएसआयकडून येतात, मालकाच्या खिशातून नव्हे. हे कॉन्ट्रॅक्टरला आवर्जून ऐकवावे. पुष्कळांचा चेहरा तिथेच बदलतो.

कितव्या महिन्यात सांगायचे याची सक्ती कायद्यात नाही. पण काम ओझ्याचे, केमिकलचे किंवा रात्रपाळीचे असेल तर थांबण्यात अर्थ नाही. पोटातले बाळ यादी लागायची वाट पाहत नाही. आणि खरे तेही सांगते. कंपनीच गाशा गुंडाळायला निघाली, तर कागद नोकरी वाचवीलच असे नाही. मात्र "कल्पनाच नव्हती" हे वाक्य तो कुणाला उच्चारू देत नाही.

त्याच रात्री आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली. दोन प्रती केल्या, एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घ्यायचा. सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. "आमच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत पाट्या वाहिल्या," एवढेच म्हणाल्या आणि सुनेच्या हातातला पेन घेऊन तो चालतो की नाही, ते आपल्या तळहातावर ओढून पाहिले.

गुरुवारी सून आली. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आधी शिक्का द्यायला तयार नव्हता. "साहेब आले की बघू," म्हणाला. ही तिथेच स्टुलावर बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीत बरोबरच्या चार बाया येऊन तिच्यामागे उभ्या राहिल्या, तेव्हा शिक्का पडला. तारीख त्याने घातली नव्हती, ती हिने मागून घालून घेतली. कराराचे काय होते ते मार्चमध्ये कळेल. तो कागद सध्या माझ्या कपाटात, मुलीच्या जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये आहे. त्यांच्या घराचे पत्रे गळतात म्हणून.