कायदा एका रात्रीचा नको!

एकतीस डिसेंबरच्या रात्री मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यांवर पोलिसांचे अडथळे उभे राहतात, चालकांच्या श्वासाची तपासणी होते, आणि पकडलेल्या मद्यपींचा आकडा वर्तमानपत्रांत झळकतो. पण मद्यपी चालक काही वर्षातून एकदाच रस्त्यावर येत नाही! एरवी त्याला मोकळे रान मिळणार असेल, तर एका रात्रीच्या दक्षतेचे मोल ते काय?

२००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर नशेत हाकलेली मोटार पदपथावर चढली व तेथे झोपलेले ७ मजूर प्राणास मुकले. त्या खटल्यातील ३ वर्षांच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास २०१२ साल उजाडले. न्याय असा रेंगाळत येणार असेल, तर त्याचा धाक कोणास वाटावा?

कायदा मात्र दुबळा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत नेला. ६ महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. परंतु मनुष्य दंडाच्या आकड्याने बिचकत नाही. आज आपण हमखास पकडले जाऊ, या जाणिवेने बिचकतो. म्हणूनच नाकाबंदी कोणत्याही रात्री, कोणत्याही रस्त्यावर, अवचित व्हावयास हवी.

सीटबेल्टची कथा याहून निराळी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली सीटबेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे देशात अपघातांत दगावली. त्यांपैकी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्मी, चालक नव्हती, प्रवासी होती. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २० मीटर अंतर कापते. ती आदळून थांबली, तरी आतले शरीर त्याच वेगाने पुढे फेकले जाते. मागचे आसन त्यास अपवाद नाही. कायद्याने तेथेही पट्टा सक्तीचा केला आहे, आणि सर्वांत अधिक अवज्ञा होते तीही तेथेच!

येथे केवळ पोलिसांकडे बोट दाखवून भागणार नाही. पट्टा न लावता गजर तेवढा बंद करणाऱ्या क्लिपा बाजारात खपत होत्या. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास त्यांच्या विक्रीविरुद्ध आदेश काढावे लागले. त्या विकत घेणारे अडाणी नव्हते. मोटार बाळगणारे, शिकलेसवरलेले लोक होते. यंत्राला फसविता येते, हवालदारालाही एखादे वेळी फसविता येईल. आघाताला फसविता येत नाही.

तेव्हा शिक्षणाचा आरंभ आपल्या घरापासूनच झाला पाहिजे. प्यालेल्या मित्राच्या हातून किल्ली काढून घेणे हा त्याचा अपमान नव्हे. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी पट्टा लावल्यावाचून गाडी सुरू न करणे हा उद्धटपणा नव्हे. सरकारने वर्षभर पहारा ठेवावा, आणि नागरिकांनी पहारा नसतानाही नियम पाळावा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, तरच रस्त्यावरचा हा रोजचा संहार थांबेल.