मूल कसे वाढते, हेही शिकावे लागते

गेल्या पंधरवड्यात एका पालकांचे पत्र आले. मुलगी बारावी सायन्स झाली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात ‘मानव विकास व कुटुंब अभ्यास’ असा काही विषय असतो, असे त्यांच्या कानावर आले. “हे शिकून ती करणार काय? आमच्या आईने कॉलेजात न जाता सात मुले वाढवली,” असे ते लिहितात. प्रश्न रोखठोक आहे आणि मला नवाही नाही. मी हाच विषय घेतला तेव्हा आमचे मामा म्हणाले होते, “म्हणजे स्वयंपाक आणि शिवणच ना?” आरोग्याच्या सदरात हे उत्तर कशासाठी, असे वाचकांना वाटेल. ते पुढे कळेलच.

गर्भापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा घडत जातो, आणि ज्या घरात तो घडतो ते घर कसे चालते, याचा हा अभ्यास. शरीर, हालचाल, बुद्धी, भाषा, भावना असे त्याचे भाग असतात. पुस्तके होतीच, पण मी खरी शिकले ती विद्यापीठाच्या बालवाडीत. एकाच मुलाकडे अर्धा तास बघायचे आणि दिसले तेवढेच लिहायचे. पहिल्या दिवशी मी लिहिले, ‘मूल हट्टी आहे.’ बाईंनी लाल शाईने काट मारली. हट्टी म्हणजे तुला काय दिसले? दुसऱ्या दिवशी लिहिले, ‘ठोकळा मागितला. मिळाला नाही. खाली बसून चार मिनिटे रडला. शिक्षिका जवळ बसल्यावर थांबला.’ तेव्हा ते पास झाले. शेरा मारणे सोपे असते, पाहायला सवय लागते.

पाहिलेले मोजायचे कसे, याचेही शास्त्र आहे. आपल्याकडे पूर्वी पाश्चात्त्य मुलांच्या मोजपट्ट्या वापरत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांचा अभ्यास करून १९७० साली आपल्या मुलांसाठी प्रमाणे दिली. त्यावरून तयार झालेल्या चाचणीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाणांनुसार मूल ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटे चालू लागते. म्हणून शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्यात, तरी नवससायास करू नयेत.

पण सगळ्याच उशिराला ‘चालायचेच’ म्हणता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक मुलगा होता, सव्वादोन वर्षांचा. बोलत नव्हता. आजी म्हणे, “याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला.” कान चांगले आहेत हे दाखवायला त्यांनी माझ्यासमोर थाळी वाजवली आणि मुलाने मान वळवलीही. पण पाठीमागून हळू हाक मारली तर तो हलला नाही. आई दारात आली आणि तिची सावली फरशीवर पडली, तेव्हा वळला. काही मुलांना मोठा, जाड आवाज कळतो, बोलण्यातले बारीक आवाज मात्र कळत नाहीत. जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली. दोन्ही कानांना ऐकू कमी येत होते.

इथे विषयाच्या नावातले ‘कुटुंब’ आठवते. नंतर आई मला एकटीला म्हणाली, “मला आठव्या महिन्यापासून शंका होती, ताई. पण माझं कोण ऐकणार?” बापाला दुकानातून वेळ नव्हता, आजीचा शब्द शेवटचा. आजीचेही चुकले असे मी म्हणत नाही; तिने आपल्या मुलावरून अंदाज बांधला. पण घरात सगळ्यांत जास्त वेळ बाळाजवळ असणाऱ्या बाईच्या बोलण्याला वजन नसले, की निदान वर्ष-दीड वर्ष मागे पडते. अडीचाव्या वर्षी मुलाला श्रवणयंत्र बसले. आज तो चौथीत आहे. बोलतो, पण काही अक्षरे अजून जड जातात. जन्मतः ऐकू कमी असेल तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असा आजचा संकेत आहे. त्याचे ते दिवस गेले.

तेव्हा घरी एवढे जरूर पाहा. सहा-सात महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळते का? वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली की पाहते का? दीड वर्षाला काही शब्द आणि दोन वर्षांना ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडून येतात का? येत नसतील तर थांबू नये. कानाची तपासणी नवजात बाळाचीही होते, दुखत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासतात. त्या दिवशी मूल मामाच्या गावी पाठवू नका. अधिक तपासणीची गरज असल्यास पथक जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते.

आता पत्रलेखकांच्या मुलीविषयी. परभणीच्या त्या गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, म्हणून चौकशी करताना नव्या नावाने करावी. पदवी चार वर्षांची. पुढे याच विषयात एम.एस्सी. करता येते. बालवाड्या, विशेष मुलांच्या शाळा, बालविकासाचे प्रकल्प, समुपदेशन अशा ठिकाणी कामे मिळतात. पगार मोठे असतात असे मी सांगणार नाही. मुलीला लहान मुलांत बसायला आवडते का, हे मात्र तिलाच विचारा. पत्रात ते कुठे दिसले नाही.