वाळ्याचा विसावा

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना ओरत्तनाडु लागते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ मध्ये येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अशा छत्रांत अन्न व निवारा मिळे. १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी छत्रांतील वैद्यांचाही आवर्जून उल्लेख केला आहे. श्रांतास विसावा आणि रुग्णास वैद्य, अशी ती दुहेरी व्यवस्था होती.

या प्रदेशाच्या तमिळ भाषेतील ‘वेट्टिवेर’ हा शब्द आज जगभर ‘व्हेटिव्हर’ म्हणून रूढ आहे. ‘वेर’ म्हणजे मूळ. आपण त्यास वाळा म्हणतो. माठातील वाळ्याची जुडी आणि खिडकीवरील भिजवलेला पडदा कोणास ठाऊक नाही?

सुकलेल्या मुळांवर कित्येक तास वाफ सोडून तेल काढतात. शंभर किलो मुळांतून जेमतेम किलोभर, बहुधा त्याहूनही कमीच तेल हाती येते. म्हणूनच ते महाग असते व त्यात भेसळही होते. हे दाट तेल सावकाश उडते. त्याचा मातकट गंध रात्रभर दरवळतो, आणि सुगंधोपचारात त्याला मान आहे तो याचमुळे. (‘अ‍ॅरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गाटफॉसे यांच्या १९३७ च्या ग्रंथाने.)

दोन चमचे तिळाच्या तेलात वाळ्याचे दोनच थेंब मिसळून तळपायांस व मानेस चोळावे. मार्चअखेरीच्या हिशेबानंतर प्रस्तुत लेखकाने हा अनुभव घेतला आहे! आधी हातावर थोडे लावून एक दिवस पाहावे. निव्वळ तेल त्वचेवर लावू नये, स्नानाच्या पाण्यातही टाकू नये. ते पाण्यात विरघळत नाही. पोटात तर मुळीच घेऊ नये. गर्भवती, लहान मुले व दम्याचे रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारावे.

या तेलाने मन निवते. रोग बरा होतो असा भक्कम पुरावा मात्र नाही. आमच्या शाखेतील एका निवृत्तिवेतनधारक काकांनी झोप चांगली लागू लागताच रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. महिन्याभरात काउंटरसमोरच त्यांना भोवळ आली. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. पेन्शनच्या दिवशी काका येतात, तेव्हा त्यांच्या रुमालाला वाळ्याचा वास असतो.