कच्चें लिंबू

सांघिक खेळांत प्रथमच उतरणाऱ्याच्या पायांत जी थरथर असते, ती खेळ बदलला म्हणून बदलत नाहीं. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें 1914 सालीं बांधून दिले. तेव्हांपासून रत्नागिरीच्या तांबड्या मातींत किती पिढ्यांनीं पाटीवर बसून ‘आतां आपल्यालाच खो मिळतो कीं काय’ या धास्तीनें श्वास रोखला असेल! परंतु आपल्या अंगणांत नवशिक्यासाठीं एक सुंदर सोय होती. लहानग्यास ‘कच्चें लिंबू’ म्हणून डावांत घेत. तो बाद झाला तरी बाद नव्हे, आणि त्याच्यामुळें कोणाचा डाव बुडाला असेंहि नव्हे. आजचीं मुलें मोबाईलवर ज्या ऑनलाइन खेळांत रमतात, तेथें ही सोय अशी तोंडानें कोणी देत नाहीं. म्हणूनच ‘माझ्यापायीं सगळे हरतील’ या भीतीनें कित्येकजण दारांतूनच परततात.

ज्या वडील मंडळींस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें बरें. ‘पब्जी मोबाईल’ हा खेळ सरकारनें 2020 च्या सप्टेंबरांत बंद केला. त्याचाच भारतीय अवतार ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ 2021 च्या जुलैंत आला, पुढल्या वर्षीं जुलैंतच तोहि हटविला गेला आणि 2023 च्या मे महिन्यांत परतला. शंभर गडी विमानांतून एका बेटावर उतरतात; चौघांचा एक गट; सुरक्षित जागा हळूहळू आकसत जाते, आणि अखेर जो गट उरेल तो जिंकला. ‘व्हॅलोरंट’ या खेळांत पांचांविरुद्ध पांच असतात.

आतां भीति कोणाची, हें पाहूं. हे खेळ साधारण बरोबरीच्या गड्यांना एकत्र आणतात. शिवाय ‘बॅटलग्राउंड्स’च्या आरंभींच्या पायऱ्यांवर समोरचे पुष्कळसे गडी माणसें नसून यंत्रानें चालविलेले असतात, ज्यांच्या हंसण्याला आपण भितों, त्यांतील अनेकांना हंसायला तोंडच नाहीं! सरावाचें मैदान वेगळें असतें, तेथें हारजीत नाहीं. कच्च्या लिंबाची सोय ती हीच, फक्त ती आपण होऊन शोधावी लागते.

आमच्या परिचयाच्या, रत्नागिरींतील एका घरचे तिघे चुलतभाऊ शिक्षण व नोकरीनिमित्त पुण्यास आणि ठाण्यास असतात. शनिवारीं रात्रीं ते एकत्र खेळत. चौथी जागा कोणी परका भरून काढी. घरीं राहिलेली धाकटी बहीण ‘मला नेम धरतां येत नाहीं’ म्हणून नुसती पाहत बसे. शेवटीं थोरल्यानें युक्ति काढली. “तूं गोळी झाडूंच नकोस. औषधें वेंच, आमच्या पाठोपाठ राहा, आणि कोणी पडला तर त्याला उठव.” या खेळांत घायाळ झालेला गडी सहसा लगेच बाद होत नाहीं, सोबत्यानें जवळ जाऊन सुमारें दहा सेकंद खर्चिले तर तो पुन्हां उभा राहतो. काम लहान, पण त्यावांचून डाव अडतो. तें नेमून मिळतांच मुलीची निम्मी भीति गेली, कारण आपण नक्की कशांत चुकूं शकतों हें तिला कळलें. उरलेली तिसऱ्या शनिवारीं गेली. त्या रात्रीं ठाण्याच्या भावाला तिनें तीनदां उठवून उभें केलें. तो तेथें एकटा राहतो. डाव संपल्यावर तो तासभर बहिणीशीं बोलत बसला होता, असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें.

मुलींच्या बाबतींत एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. अनोळखी गटांत मुलीचा आवाज ऐकतांच टिंगल, क्वचित् अभद्र बोलणेंहि होतें. तिच्या संकोचाला भित्रेपणा म्हणूं नये. ती सावधगिरी आहे. माइक बंद ठेवून खेळतां येतें, नकाशावर खूण करून शत्रु कोठें व वाट कोणती हें न बोलतां सांगतां येतें, उपद्रवी माणसाचा आवाज बंद करून त्याची तक्रारहि करतां येते. खेळांतलें नांव खरें नसावें. मात्र अशा प्रसंगानंतर वडिलांनीं मुलीचाच मोबाईल काढून घेतला, तर पुढल्या वेळीं ती घरांत कांहीं सांगणार नाहीं.

पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ 2025 च्या ऑगस्टमधील कायद्यानें निषिद्ध ठरविले, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. हा भेद घरांत समजावून द्यावा. 2023 सालीं अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली होती. आमच्या मतें शाळकरी मुलास तेहि फार झाले.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक धास्ती असते, आणि ती खरी आहे. मृग लागला कीं वीज जाते, नेटवर्क तुटतें, आणि इकडचा गडी ऐन मोक्याला जागच्या जागीं थिजतो. परक्या सोबत्यास वाटतें, हा पळाला. तेव्हां आपण कोंकणांतून खेळत आहों हें घरच्या सोबत्यांना आधींच बजावून ठेवावें. वाय-फाय गेल्यास मोबाईलचें इंटरनेट तयार असावें. डाव चालू असेल तर पुन्हां त्यांत शिरतां येतें. आणि समुद्रावरून आभाळ भरून आलें असेल त्या संध्याकाळीं क्रमवारीचा डाव मांडूंच नये, सरावाचा मांडावा.