सह्या मोजणाऱ्या वकीलबाई

ओळखीच्या एका कारखानदाराने नवी मुंबईत तुर्भ्याच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि आधीच्या मालकाचं कर्ज त्याच्या गळ्यात पडलं. कागद कुणा जाणकाराला दाखवलेच नव्हते. ते मनाला लागलं, म्हणून व्यापारी मालमत्तेचं काम पाहणाऱ्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात मी दिवसभर बसलो.

मसाला मार्केट जवळच आहे. खिडकी उघडली की मिरचीचा खकाणा आत येतो. बाईंचे वडील याच बाजारात माथाडी होते. बाई बी.कॉम. झाल्या, तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, सनद घेतली. पुढची चार वर्षं एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या दस्तनोंदींचा शोध घ्यायलाच पाठवलं. "सूची दोन वाचता वाचता वकील झाले," त्या म्हणाल्या.

"इथे जमीन विकत मिळते असं लोकांना वाटतं. एमआयडीसी भाडेपट्टा देते, ९५ वर्षांचा. विकली जातात ती उरलेली वर्षं." साठच्या दशकातला पट्टा असेल तर ९५ पैकी निम्म्याहून अधिक सरली. वर हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क. तीस वर्षांचा शोध, बोजा, थकबाकी हे ओघाने येतंच. पण बाई आधी मूळ कागद मागतात. मूळ कागद बँकेत ठेवूनही तारण होतं, आणि झेरॉक्स ते सांगत नाही.

दुपारी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाइल आली; सोबत भूखंड विकणारे दादा आणि दलाल. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची ही योजना आली. बाई खरेदीदाराच्या वकील. पेन्सिलीने वारसांच्या सह्या मोजता मोजता त्या थांबल्या.

"दादा, बहिणीची सही कुठाय?"

"ती लग्न होऊन गेली ना."

"ती गेली. हक्क नाही गेला."

दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. दलाल वैतागला. व्यवहार त्या दिवशी थांबला. खरेदीदार पुढच्या खटल्यातून वाचला आणि तिथे नसलेल्या बहिणीचा वाटाही.

कोर्टात न दिसणारी ही वकिली मला फार मोलाची वाटते. तुर्भ्यात गाळा घेणार असाल, तर बयाणा देण्याआधी दोन गोष्टी विचारा: मूळ कागद कुठे आहेत, आणि ९५ पैकी वर्षं किती उरली?